सात गाड्या, सात ट्रान्समीटर आणि माझी सही

सासऱ्यांचं कपाट आवरायचं मी ठरवलं, एवढाच काय तो माझा गुन्हा. माझं स्वतःचं कपाट आवरायचंही मी गेली अकरा वर्षं ठरवतोच आहे, पण ते माझ्या तावडीतून अजून सुखरूप आहे.

सासरे आमच्याकडेच असतात. नोकरीभर त्यांनी लोकांच्या घरचे विजेचे मीटर तपासले आणि निवृत्त झाल्यावर गाड्यांचा नाद धरला. खऱ्या गाड्या नव्हेत. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, हातभर लांबीच्या, रिमोटवर पळणाऱ्या मॉडेल गाड्या. कुठून कुठून मोडक्या अवस्थेत मिळवायच्या, स्क्रू न् स्क्रू सुटा करायचा, गिअर घासायचे, तारा बदलायच्या, रंग द्यायचा आणि पुन्हा पळत्या करायच्या. (रिमोट हा शब्द मी तुमच्यापुरता वापरला. घरात तो उच्चारायची सोय नाही. 'रिमोट टीव्हीचा असतो, जावईबापू, याला ट्रान्समीटर म्हणतात,' हे त्यांनी मला इतक्या वेळा सुनावलंय, की हल्ली मी टीव्ही लावतानाही ट्रान्समीटर कुठे गेला म्हणून शोधतो.)

अशा सात गाड्या त्यांच्या कपाटात होत्या आणि सात ट्रान्समीटर. लाल, पिवळी, हिरवी, पांढरी, काळी, एक करडी जीप आणि एक निळी. निळी सगळ्यात जुनी. माझी बायको नऊ वर्षांची असताना त्यांनी ती तिच्यासाठी आणली होती. आजही ती तिला माझी गाडी म्हणते. आमच्या दारात उभी असलेली चारचाकी मात्र तुमची गाडी असते, विशेषतः ती बंद पडते तेव्हा.

तर सासऱ्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दवाखाना मोठ्या मेहुणीच्या घराजवळ, म्हणून ते दोन आठवडे तिकडेच राहिले. इकडे घर शांत. रविवारची सकाळ. बायको शाळेत गणित शिकवते, ती आतल्या खोलीत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसलेली. मी हातात चहाचा कप घेऊन सहज सासऱ्यांचं कपाट उघडलं आणि माझ्यातला कारकून खडबडून जागा झाला.

मी पाणीपुरवठा खात्याच्या रेकॉर्ड विभागात आहे. एकोणीस वर्षं झाली. आमच्या विभागाचं तत्त्व एकच, एका जातीचा कागद एका ठिकाणी. अर्ज अर्जात, नकाशे नकाशात, तक्रारी तळघरात. आणि इथे बघतो तर सात कापडी पिशव्या, प्रत्येकीत एक गाडी आणि एक ट्रान्समीटर एकत्र कोंबलेले. हा कसला कारभार, असं मी मोठ्यानं म्हणालो. म्हातारा माणूस, डोळ्यांनी दिसत नाही, कोण लावून देणार? आल्यावर कपाट बघून गहिवरून येईल त्यांना, असा विचार करून मी कामाला लागलो.

वरच्या फळीवर सातही ट्रान्समीटर उंचीप्रमाणे लावले. खालच्या फळीवर गाड्या, रंगाप्रमाणे. पिशव्या धुवायला टाकल्या. मग माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक ट्रान्समीटरच्या पाठीत आणि प्रत्येक गाडीच्या पोटातल्या रिसीव्हरमध्ये नखाएवढा, दोन बारीक पायांचा, पत्र्याचा एक तुकडा खोचलेला आहे. सुटा भाग म्हणजे हरवणारा भाग, हे मला नोकरीनं शिकवलंय. मी चौदाच्या चौदा तुकडे अलगद उपटले आणि औषधाच्या गोळ्यांच्या डबीत भरून ठेवले. शेवटी लेबलं. प्रत्येक वस्तूच्या तळाला कागदाची एक मळकट पट्टी चिकटवलेली होती, बारीक अक्षरात काहीतरी खरडलेली. माझं लेबल त्या जागी अगदी मापात बसत होतं, तेव्हा मी ते त्याच्यावरच चिकटवलं. लेबलावर खात्याच्या पद्धतीप्रमाणे वस्तू, क्रमांक, 'पाहिले' असा शेरा आणि खाली तारखेसह पूर्ण सही. आमच्याकडे 'पाहिले' लिहिल्याशिवाय कुठलाही कागद पुढे सरकत नाही. तो वाचलाही पाहिजे, असं मात्र एकाही नियमात म्हटलेलं नाही.

बायको पाणी प्यायला बाहेर आली, कपाटासमोर थांबली. आवरलंत का, म्हणाली. आवरलं, म्हटलं. सगळं का, म्हणाली. सगळं, मी छाती काढून सांगितलं. तिनं एकदा वरच्या फळीकडे पाहिलं, एकदा खालच्या, एकदा गोळ्यांच्या डबीकडे, आणि 'बरं' म्हणून ती परत उत्तरपत्रिकांकडे गेली. अकरा वर्षांच्या संसारानंतर त्या 'बरं'चा अर्थ मला कळायला हवा होता.

संध्याकाळी सात वाजता सासऱ्यांचा फोन आला. पुढच्या रविवारी त्यांच्या दोस्तमंडळींचा शाळेच्या मैदानावर जुन्या गाड्या पळवायचा कार्यक्रम होता, दरवर्षीसारखा. ते परस्पर तिकडे येणार होते. आवाज जरा पडलेला होता.

"डॉक्टर म्हणतात, सहा महिने बारीक काम बंद," ते म्हणाले. "तेव्हा मी ठरवलंय. रविवारी संग्रहवाल्याला बोलावलंय. सातच्या सात चालल्या तर राहू देत घरात. एक जरी रुसली, तर मला आता ती नीट करता यायची नाही. मग सगळ्याच त्याला देऊन टाकतो. नुसत्या शोभेला नकोत मला."

मी म्हटलं, चालतील हो, न चालायला काय झालं.

"चालतील. मी सगळ्या तपासून जोड्या लावून ठेवल्यात. फक्त पिशव्या उघडू नका."

पिशव्या दोरीवर वाळत होत्या.

मी फोन ठेवला. बायकोनं सगळं ऐकलं होतं. ती खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "गाड्या गेल्या तर बाबा दिवसभर करणार काय? सकाळी पेपर वाचतील आणि संध्याकाळी तोच परत वाचतील." एवढं बोलून ती उठली. चेहरा उतरला होता तिचा, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू. तिथल्या तिथे मी चंग बांधला. काय वाट्टेल ते होवो, रविवारच्या आत सातच्या सात जोड्या लावीन, आणि कोणाला पत्ता लागू देणार नाही. हातात सहा दिवस होते. शिवाय एकोणीस वर्षांचा अनुभव होता.

सोमवारी पहाटे उठून मी एक कोरं रजिस्टर उघडलं. उभे सात रकाने, आडव्या सात ओळी. पण गाडी हलवायची तर आधी ते पत्र्याचे तुकडे बसवायला हवेत. त्यांना क्रिस्टल म्हणतात एवढं मला सासऱ्यांच्या बोलण्यातून माहीत होतं. प्रत्येक जोडीतला एक क्रिस्टल ट्रान्समीटरमध्ये, एक गाडीत, आणि दोघांचं जमलं तरच गाडी ऐकते. भिंग घेऊन बघितलं तर त्यांच्यावर मुंगीच्या पावलाएवढे आकडे. माझ्या जिवात जीव आला. सारख्या आकड्याचे दोन-दोन क्रिस्टल शोधायचे, झाली जोडी. यात काय अवघड आहे?

एकही आकडा दुसऱ्याशी जुळेना. एकावर सत्तावीस दशांश एक चार पाच, तर दुसऱ्यावर सव्वीस दशांश सहा नऊ शून्य. आणखी दोघांवरचे आकडे तर झिजून गेलेले, भिंगातूनही दिसेनात. उरलेल्या बारा तुकड्यांवर बारा निरनिराळे आकडे. मी ऑफिसला उशिरा पोचलो आणि तिथेही दिवसभर दशांश चिन्हं मोजत बसलो. साहेबांनी विचारलं, कसली एवढी गंभीर फाईल आहे? म्हटलं, कौटुंबिक आहे. त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि अर्धा दिवस रजा देऊ केली.

मंगळवारी संध्याकाळी मी डबी घेऊन रेडिओ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेलो. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. दुकान कसलं, उघड्या पोटाच्या रेडिओंच्या ढिगाऱ्यात एक स्टूल. मी त्याला म्हटलं, माझे सगळे क्रिस्टल खराब झालेत, एकाचाही आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. त्यानं तोंडातला स्क्रू काढून हातात घेतला.

"सारखे आकडे कशाला हवेत?"

म्हटलं, जोडी आहे ना.

"जोडीतले दोघं सारखे नसतात," तो म्हणाला. "ट्रान्समीटरचा आकडा मोठा, गाडीचा लहान. दोघांत फरक ठरलेला. दशांश चार पाच पाच. तेवढाच पाहिजे. कमी पण नाही, जास्त पण नाही. दोघं एकसारखे असतील तर एकाचं दुसऱ्याला ऐकूच येत नाही."

मी म्हटलं, हे फक्त क्रिस्टलबद्दलच ना? त्यानं एक क्षण माझ्याकडे पाहिलं, मग विचारलं, लग्नाला किती वर्षं झाली? अकरा, म्हटलं. कळेल, म्हणाला, आणि स्क्रू परत तोंडात ठेवला.

घरी येऊन मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. वजाबाक्या केल्या, आणि बघतो तर खरंच, बारा क्रिस्टलच्या सहा जोड्या खटाखट लागल्या. मोठ्या आकड्याच्या क्रिस्टलला मी 'ट्रान्समीटरचा' अशी बारीक चिठ्ठी लावली, लहान आकड्याच्या क्रिस्टलला 'गाडीचा'. आकडे झिजलेले दोन उरले, ती सातवी जोडी. त्यातला कोणता कशाचा, हे मी अंदाजानं ठरवलं आणि तशाच चिठ्ठ्या लावल्या. (अंदाज पक्क्या शाईत लिहिला की तो अंदाज राहत नाही, हा आमच्या विभागातला नेहमीचा अनुभव.)

आता राहिला प्रश्न कुठला ट्रान्समीटर कुठल्या गाडीचा, आणि सेलचा. एकेका ट्रान्समीटरला आठ सेल लागतात. मी भिंतीवरच्या घड्याळाचे काढले, गजराच्या घड्याळाचे काढले, टॉर्चचे काढले, बेलचे काढले, आणि टीव्हीच्या ट्रान्समीटरचेही काढले. (रिमोटच्या. बघा, अशी सवय लागते.) त्या आठवड्यात आमच्या घरात कायम सहा वाजून वीस मिनिटं झालेली असायची आणि येणारा प्रत्येक माणूस दार बडवायचा.

बुधवारी सकाळी पहिली चाचणी. पिवळी गाडी दिवाणखान्याच्या मधोमध ठेवली. हवा यावी म्हणून पुढचं दार उघडं टाकलं. रजिस्टर शेजारी, पेन कानावर. मग मी वाकून गाडीचं बटण दाबलं, आणि ट्रान्समीटर उचलायला वळलो.

तेवढ्यात मागून एक करकर आवाज आला. पिवळी गाडी कोणी काही न सांगता निघाली होती. साधीसुधी नव्हे, सुसाट. सोफ्याला वळसा घालून, चपलांच्या स्टँडला धक्का देऊन ती दाराबाहेर पडली. समोर लिफ्ट उघडी होती आणि आमच्या इमारतीचे सेक्रेटरी नुकतेच तिच्यात शिरले होते. त्यांच्या पायाशी गाडी शिरली. लिफ्टचं दार बंद झालं. लिफ्ट वर निघाली.

मी बनियन आणि पायजम्यावर, हातात तो ट्रान्समीटर, त्याची मीटरभर एरियल पूर्ण बाहेर काढलेली, अशा थाटात जिना चढायला लागलो. लिफ्टमधून धडक धडक आवाज येत होता. प्रत्येक मजल्यावर लिफ्ट माझ्या एक पाऊल पुढे. पाचव्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा सेक्रेटरी एका कोपऱ्यात एक पाय वर धरून उभे होते आणि गाडी त्यांच्या दुसऱ्या पायातल्या बुटावर नाक आपटत होती.

"ही तुमची?" त्यांनी विचारलं.

"सासऱ्यांची," मी म्हणालो.

"मग बंद करा."

मी ट्रान्समीटर चालू केला, दोन्ही दांडे ओढले, ढकलले, हलवले. गाडीची चाकं नुसती डावीकडे वळली, एवढंच. शेवटी मी तिला उचलून काखेत घेतलं. ती माझ्या काखेत चाकं फिरवत राहिली आणि तशीच आम्ही दोघं पाच मजले उतरून खाली आलो. संध्याकाळी सूचना फलकावर नवीन कागद लागला होता: 'लिफ्टमधून वाहने नेण्यास सक्त मनाई आहे.' खाली सेक्रेटरींची सही. माझ्यापेक्षा बरीच देखणी आहे त्यांची सही.

मी घरात आलो तेव्हा बायको डबा भरत होती. माझ्या काखेकडे न बघता, डब्याशी बोलल्यासारखी ती म्हणाली, आधी हातातला चालू करायचा, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग हातातला. नऊ वर्षांची असताना बाबांनी पहिल्या दिवशी हे शिकवलं होतं, असंही म्हणाली. मी चमकलो. म्हटलं, तुला कशाला सांगतेस हे, म्हणजे मला? मी नुसतं पुसत होतो गाडी. 'बरं,' ती म्हणाली. पुन्हा तेच.

गुरुवारपासून मात्र मी पद्धतशीर कामाला लागलो. सकाळी ऑफिसच्या आधी दोन तास, संध्याकाळी आल्या आल्या दोन तास. दार लावलेलं. एक गाडी, सात ट्रान्समीटर, एकामागून एक. प्रत्येक वेळी क्रिस्टल काढायचे, घालायचे, आधी हातातला, मग गाडी, आणि निकाल रजिस्टरमध्ये. किती प्रकारचे निकाल म्हणून सांगू. एका जोडीला लाल गाडी नुसती थरथरली. दुसऱ्या जोडीला डावीकडे म्हटलं की उजवीकडे जायची. करडी जीप एका ट्रान्समीटरवर पुढे ढकललं की मागे यायची आणि मागे ओढलं की आणखी मागे. काळी गाडी तर सहा ट्रान्समीटरांना ढिम्म हलली नाही. सातवा हातात घेतला, तशी इतक्या शहाण्यासारखी चालली की मी तिला घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आलो. त्या क्षणी मला जे वाटलं ते बढतीचं पत्र आलं तेव्हाही वाटलं नव्हतं. (पत्र शेजारच्या टेबलाचं होतं, हेही आहेच.)

आणि एक सांगतो, मला त्यात मजा यायला लागली होती. कुठली तार कुठे जाते, सेलची टोकं गंजली की काय होतं, कुठला ट्रान्समीटर हातात जड लागतो, हे मला न विचारता कळायला लागलं. बोटांना वंगणाचा वास यायला लागला. ऑफिसात फायलींवर काळे ठसे उमटायला लागले. साहेब म्हणाले, कौटुंबिक प्रकरण बरंच चिघळलेलं दिसतंय.

गुरुवारी संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला तेव्हा मी थोडी चतुराई करून बघितली. बाबा, सहज विचारतो, म्हटलं, पांढऱ्या गाडीचा ट्रान्समीटर साधारण कसा असतो दिसायला? ते म्हणाले, सहज कशाला विचारता? म्हटलं, असंच, मनात आलं. त्यावर त्यांनी पांढरी गाडी त्यांना कुठल्या भंगारवाल्याकडे कशी मिळाली, तिच्यात उंदराचं घर कसं होतं, त्या उंदराचं पुढे काय झालं, हे सगळं वीस मिनिटं सांगितलं. ट्रान्समीटरबद्दल अवाक्षर नाही. शेवटी म्हणाले, जरा लेकीला द्या फोन. बायकोनं फोन घेतला, पाच मिनिटं नुसतं हं, हं केलं, एकदा हसली आणि म्हणाली, चाललंय त्यांचं. काय चाललंय, मी विचारलं. ऑफिस, ती म्हणाली.

शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत सहा जोड्या लागल्या. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी होती. एक गाडी उरली होती, निळी. एक ट्रान्समीटर उरला होता. दोन क्रिस्टल उरले होते. आता चुकायला जागाच कुठे होती? मी ऐटीत क्रिस्टल बसवले, आधी हातातला, मग गाडी. काही नाही. सेल बदलले. काही नाही. तारा तपासल्या, टोकं घासली, एरियल पुसली, जागा बदलली, खिडकीत गेलो, गच्चीत गेलो. निळी गाडी मेल्यासारखी. रजिस्टरमध्ये त्या एका चौकोनात मी एकतीस फुल्या मारल्या.

दुपारचे चार वाजले असतील. (घड्याळात सहा वीसच होते.) मी घामाघूम होऊन जमिनीवर बसलो होतो. सात चालल्या तर राहतील, एक रुसली तर सगळ्या जाणार. आणि रुसली कुठली, तर बायकोची. मला रडू यायचंच बाकी होतं. एवढं मात्र नक्की ठरवलं, की हार मानायची नाही. आधीच्या सहांमध्येच काहीतरी चुकलं असणार, तेव्हा सगळ्या पुन्हा सोडवायच्या आणि पहिल्यापासून एकोणपन्नास चौकोन भरायचे. मी पिवळीचा क्रिस्टल उपटायला हात घातला, तेवढ्यात बायको येऊन माझ्यासमोर फतकल मारून बसली.

तिनं निळीचा ट्रान्समीटर माझ्या मांडीवरून उचलला, एरियलचं टोक डोळ्यांजवळ नेलं आणि मला दाखवलं. टोकाच्या बोंडावर बारीक खड्डे होते.

"हे माझे दात," ती म्हणाली. "गाडी वळवताना चावायचे मी. हा माझाच आहे. जोडी बरोबर आहे तुमची."

मग चालत का नाही, मी विचारलं.

"क्रिस्टल उलटे असतील. याचा त्यात, त्याचा यात."

शक्यच नाही, मी म्हटलं, चिठ्ठ्या आहेत त्यांच्यावर. कोणी लावल्या चिठ्ठ्या, तिनं विचारलं. मी लावल्या. मग बघा, ती म्हणाली. आता स्वतःच लावलेल्या चिठ्ठीवर अविश्वास दाखवणं आमच्या खात्यात बसत नाही. एकोणीस वर्षांत मी तसं कधी केलेलं नाही. पण तिच्या हातात तो ट्रान्समीटर होता आणि ती माझ्याकडे बघत होती. मी क्रिस्टल काढले आणि उलटे लावले.

निळी गाडी हळूच निघाली, माझ्याभोवती एक गोल चक्कर मारून माझ्या गुडघ्यापाशी येऊन थांबली. बायकोनं एरियलचं टोक तोंडात धरलं होतं. मी म्हटलं, तुझे फार उपकार झाले. ती म्हणाली, अजून एक चक्कर मारू द्या, मग उपकारांचं बघू.

रविवारी सकाळी आम्ही मैदानावर पोचलो. सात धुतलेल्या पिशव्या, प्रत्येकीत एक गाडी आणि तिचा ट्रान्समीटर, जसं होतं तसं. सासरे काळा चष्मा लावून मेहुणीचा हात धरून आले. दोस्तमंडळी आधीच जमली होती. संग्रहवालाही आला होता, सात रिकामी खोकी घेऊन. ती खोकी त्यानं ओळीनं मांडून ठेवली, ते मला अजिबात आवडलं नाही.

लाल चालली. हिरवी चालली. पांढरी, काळी, करडी जीप चालली. पिवळी चालली आणि सांगितल्याशिवाय कुठेही गेली नाही. निळीचा ट्रान्समीटर सासऱ्यांनी लेकीच्या हातात दिला. ती गाडी मैदानाच्या टोकापर्यंत गेली, वळली आणि धूळ उडवत परत आली. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी चष्म्याच्या खालून डोळे पुसले आणि संग्रहवाल्याला सांगितलं, खोकी घेऊन जा, काही द्यायचं नाही.

मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. कोणालाही पत्ता लागू द्यायचा नाही असं ठरवलं होतं खरं, पण एवढा पराक्रम करायचा आणि गप्प बसायचं म्हणजे काय? मी पिशवीतून रजिस्टर काढलं आणि पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं. आवरलेलं कपाट, चौदा क्रिस्टल, वजाबाक्या, लिफ्ट, एकतीस फुल्या. सासऱ्यांनी रजिस्टर पान न् पान चाळलं. दोस्तमंडळी मागून डोकावत होती. शेवटी सासऱ्यांनी विचारलं, "पण एवढं कशाला केलंत? पट्ट्या होत्या ना."

कसल्या पट्ट्या, म्हटलं.

त्यांनी पिवळीचा ट्रान्समीटर उलटा केला आणि नखानं माझं लेबल सोलून काढलं. खाली ती मळकट पट्टी होती. तिच्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, क्रमांक तीन, पिवळी गाडी, ट्रान्समीटरचा क्रिस्टल अमुक, गाडीचा क्रिस्टल तमुक. गाडी उलटी केली, लेबल सोललं, खाली तेच. सातही गाड्यांवर तेच. आणि अक्षर लाल शाईचं, ओळखीचं, आमच्याकडे उत्तरपत्रिकांवर असतं तसं.

मी बायकोकडे पाहिलं. ती निळी गाडी फडक्यानं पुसत होती.

"बाबांना दिसेनासं झालं तेव्हा मीच लिहिल्या," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली."

मग सोमवारीच सांगितलं का नाहीस, मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तासाभरात लावून मोकळे झाला असता. आणि बाबांनंतर यांच्याकडे बघणारं घरात कोणी झालं नसतं. आता तुम्ही झालात."

सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दोस्तांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, सहा महिने कपाटाची किल्ली जावईबापूंकडे, आता त्यांना जोड्या कळतात. माझी छाती एवढी फुगली, की मी बायकोचं सगळं तिथल्या तिथे माफ करून टाकलं. तिनं माफी मागितलेली नव्हती, पण केलं.

तेवढ्यात सासऱ्यांनी निळीचा ट्रान्समीटर हातात घेतला. याच्यावरची पट्टी जरा मोठी दिसते, म्हणाले. त्यांनी माझं लेबल सोललं, काळा चष्मा कपाळावर चढवला आणि नव्या डोळ्यानं पट्टी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. डोळा उत्तम झालाय त्यांचा, एकही अक्षर अडलं नाही.

"अहो, या कपाटाला हात लावू नका. जोड्या मोडतील."

मग त्यांनी नखाला चिकटलेलं माझं लेबल उजेडात धरलं आणि तेही वाचलं. वस्तू, ट्रान्समीटर. क्रमांक, सात. शेरा, पाहिले. खाली माझी तारखेसह पूर्ण सही.